पाण्याने ज्वालामुखी विझत नाही, मामा

मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: पृथ्वीच्या पोटात सगळीकडे लाव्हाचा समुद्र आहे आणि ज्वालामुखी म्हणजे त्याला पडलेलं भोक, आइसलँडवाल्यांनी 1973 मध्ये समुद्राचं पाणी मारून एक ज्वालामुखी विझवला, कोकणातली गरम पाण्याची कुंडं म्हणजे सह्याद्री पुन्हा जागा होत असल्याची खूण, तेव्हा सरकारने अंदमानच्या बॅरन बेटावरच्या ज्वालामुखीवर पाइप टाकून आत्तापासून सराव करावा. फोनवर सांगून झालं, मामांना पटलं नाही. म्हणून लिहून काढतोय.

समुद्र आधी. भूकंपाच्या काही लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत. त्या सुमारे 2900 किलोमीटर खोलीपर्यंत बिनदिक्कत जातात, म्हणजे तिथवर दगड आहे. तापलेला, पण घट्ट. त्याखाली द्रव आहे खरा, पण ते मुख्यतः लोखंड, आणि ते काही ज्वालामुखीतून वर येत नाही. दगड वितळतो तो ठरावीक ठिकाणी, आणि तोही थोडाथोडा. हा वितळलेला शिलारस भोवतीच्या दगडापेक्षा हलका असतो, म्हणून भेगा फाकवत वर सरकतो. कधी आडवाही पळतो. नोव्हेंबर 2023 मध्ये आइसलँडच्या ग्रिंडाविक गावाखालून शिलारसाने सुमारे 15 किलोमीटर लांबीची भेग भरली. हजारो धक्के बसले, गाव रातोरात रिकामं केलं, आणि लाव्हा प्रत्यक्ष बाहेर आला तो 18 डिसेंबरला.

अशा भेगा मामांनी आयुष्यभर पाहिल्यात. धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून काळ्या दगडाच्या ज्या सरळसोट भिंती जातात, त्या कुणा राजाने बांधलेल्या नाहीत. भेगेत थिजलेला शिलारस आहे तो. आजूबाजूचं झिजलं, भिंत उरली.

आता आइसलँड. हेइमेई बेटावर 23 जानेवारी 1973 च्या रात्री गावाच्या कडेलाच जमीन फाटली. लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला, तेव्हा लोकांनी त्याच्यावर महिनोन् महिने समुद्राचं पाणी मारलं, एकूण साठ लाख घनमीटरच्या आसपास. बंदर वाचलं. कामगिरी अफाटच होती. पण पाणी पडलं ते बाहेर वाहत आलेल्या लाव्हावर. त्याचं तोंड थिजलं, बांध झाला, मागून येणारा लाव्हा दुसरीकडे वळला. जमिनीतली भेग मात्र जुलैपर्यंत चालू होती आणि खालचा पुरवठा आटला तेव्हाच थांबली. वाहतं पाणी बांध घालून वळवलं म्हणजे झरा आटला, असं कुणी म्हणतं का?

भेगेतच पाणी शिरलं तर काय होतं, हे त्याच बेटांच्या रांगेत दहा वर्षं आधी दिसलं होतं. नोव्हेंबर 1963 मध्ये मच्छीमारांना समुद्रातून धूर येताना दिसला. सुर्त्सी बेट जन्माला येत होतं. जोवर समुद्र मुखात घुसत होता, तोवर काळ्या राखेचे फवारे उडत राहिले. एप्रिल 1964 पर्यंत राखेच्या भिंतीने पाण्याची वाट अडवली, आणि त्याच मुखातून लाव्हा शहाण्यासारखा वाहू लागला. पाणी तुटलं, स्फोट थांबले. मेसेजच्या अगदी उलट.

यामागचं कारण स्वयंपाकघरात सापडतं. कडक तापलेल्या तव्यावर थेंब नाचतो, कारण त्याच्याखाली वाफेची गादी असते. लाव्हाभोवतीही आधी अशीच गादी असते. ती फाटली की पाणी थेट शिलारसाला भिडतं, शिलारसाच्या ठिकऱ्या होतात, प्रत्येक ठिकरी नव्याने पाणी उकळवते. पाण्याची वाफ झाली की ती मोकळ्या हवेत सुमारे 1700 पट जागा मागते. कढईतल्या तेलात ओली मिरची टाकून बघा, किंवा नकोच.

दरवेळी असंच होतं, असंही नाही. हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीच्या विवरात पाण्याचं तळं साचलं होतं. 20 डिसेंबर 2020 ला लाव्हा आला आणि मोठा स्फोट न होता तळं उकळून गेलं. पाणी किती, कुठे आणि कसं मिसळतं त्यावर सगळं ठरतं. शिवाय स्फोटाला बाहेरचं पाणी लागतंच असंही नाही. शिलारसात वायू विरघळलेले असतात; वर येताना दाब कमी झाला की गोटी सोड्यासारखे फसफसतात. गडाच्या वाटेवरच्या दगडात बारीक भोकं आणि त्यात पांढरे स्फटिक दिसतात ना, ते त्या बुडबुड्यांचेच ठसे.

सह्याद्रीचं एका वाक्यात आटपतं. ते लाव्हाचे थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, आणि ज्या खोलवरच्या तप्त जागेवरून ते आले तिच्यावरून आपली जमीन केव्हाच सरकून गेली; ती जागा आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. गणेशपुरी-वज्रेश्वरीचं पाणी भेगांतून खोल जातं आणि तापून परत येतं, इतकंच. खोल खाणीतही गरम होतंच की.

राहिलं बॅरन बेट. तिथे भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा आपल्याकडचा तुकडा, शेजारच्या तुकड्याखाली सरकतो आणि समुद्रतळाचं पाणी खनिजांत बांधून सोबत नेतो. ते पाणी खोलवर सुटतं, त्याने वरच्या दगडाचा वितळणबिंदू खाली येतो, आणि शिलारस तयार होतो. म्हणजे मामा, बॅरनची चूलच पाण्याने पेटलीय. आणि तो उभा आहे दोन किलोमीटरहून खोल समुद्रात.