मामाजी, बैल अन् ब्राइटनेस

गावात कोणाच्या घरी कॉम्प्युटर आहे आणि त्यात फोटोचं सॉफ्टवेअर आहे, ही बातमी लपत नाही. माझ्याकडे जिम्प आहे. अमेरिकेतल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी 1995 साली ते लिहायला घेतलं आणि आजही ते फुकट मिळतं. सॉफ्टवेअर फुकट, म्हणजे मीही फुकट, असा हिशेब गावानं परस्पर करून टाकलाय.

सगळ्यात जास्त मागणी ‘थोडं गोरं करून दे’ची. बायोडेटाचे फोटो घेऊन माणसं येतात तेव्हा मी साफ नाही म्हणतो. बहुतेक वेळा दोष चेहऱ्याचा नसतोच. निळ्या ताडपत्रीखाली कोणाच्या तरी लग्नात काढलेला फोटो निळसर येणारच, त्याला ती पोरगी काय करेल? लेव्हल्समध्ये, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार आणि रंग जुळवायच्या खिडकीत जायचं, पांढऱ्या बिंदूचा ड्रॉपर उचलायचा आणि फोटोत जे खरोखर पांढरं आहे त्यावर टेकवायचा. मी गर्दीत एखाद्या आबाजीचं धोतर शोधतो. धोतर पांढरं झालं, की अख्खं वऱ्हाड माणसात येतं.

भरतीच्या फॉर्मवाली पोरं शेवटच्या तारखेला रात्री उगवतात. पासपोर्ट फोटो 3.5 बाय 4.5 सेंटीमीटर, म्हणजे 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) 413 बाय 531 पिक्सेल. आधी त्या प्रमाणात क्रॉप करायचं, मग आकार बदलायचा, आणि रुंदी-उंचीची साखळी जोडलेलीच ठेवायची; नाहीतर उमेदवार आडवा पसरतो. केबी कमी करायचे तर जेपेग एक्स्पोर्ट करताना क्वालिटी खाली ओढायची. झालं.

फ्लेक्सवाले याहून वरचढ. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेल्या ग्रुप फोटोतलं एक डोकं दाखवून सांगतात, ‘भाऊ, हे चार फूट कर.’ त्या डोक्याचे पिक्सेल जेमतेम दोनशे. चार फुटांवर पसरले की एकेक पिक्सेल तुरीच्या दाण्याएवढा. वाढदिवस कोणाचा, हे चौकात फक्त खालचं नाव वाचून कळतं.

पण माझा खरा घाम काढला तो मामाजींच्या बैलानं. पोळ्याचा फोटो. तोरणाखाली पांढराशुभ्र बैल, शिंगांना बेगड, कपाळावर बाशिंग, पाठीवर झूल, आणि बाजूला सावलीत मामाजी. फोटोत बैल लख्ख, मामाजींचा पत्ता नाही. पुतण्यानं मोबाईलवरच ब्राइटनेस टोकाला ओढला होता. मामाजी दिसायला लागले, पण बैलाची पाठ गायब! उजेडाचं मोजमाप 0 ते 255; 0 म्हणजे काळंकुट्ट, 255 म्हणजे पांढरंफेक. पाठ सगळीकडे 255 ला भिडली, की तिथं केस नाही, सुरकुती नाही, नुसता कोरा कागद. मागून कितीही काळं करा, पाठीचा राखी पत्रा होतो.

‘मूळ फोटो कुठाय?’

‘त्याच्यावरच सेव्ह केला बाप्पा. मोबाईलात जागाच नोयती.’

म्हणून म्हणतो, मूळ फोटोला हात लावू नये, कॉपीवर काय तो धिंगाणा घालावा. नशिबानं तोच फोटो जावयाच्या मोबाईलात जसाच्या तसा होता. तो डॉक्युमेंट म्हणून मागवला, म्हणजे व्हॉट्सअॅप त्याला दाबत नाही.

मग लासोनं, म्हणजे हातानं भाग निवडायच्या दोरीनं, मामाजींभोवती रेघ ओढली, कडा फेदरनं मऊ केली (नाहीतर माणूस कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसतो) आणि कर्व्हजमध्ये, म्हणजे उजेडाची रेघ वाकवायच्या खिडकीत, फक्त त्यांच्यापुरता अंधार हळूहळू वर उचलला. बैलाला धक्का नाही. मामाजी खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावून बसले.

‘हे तोंडावर काय आलं बे? देवी आल्यावानी?’

‘नॉइज आहे मामाजी. सावलीत कॅमेऱ्याला उजेडच कमी मिळाला, तो ताणला की असे ठिपके येतात.’

ठिपके पुसले तर चेहरा मेणाचा झाला, ठेवले तर देवी. मी पुन्हा मागं जाऊन मिशीपुरते ठिपके राहू दिले. मामाजींनी बराच वेळ पाहिलं. स्वतःकडे नाही, बैलाकडे.

‘तू असं कर,’ ते म्हणाले, ‘मले काढूनच टाक. झूल नवीन घेतली औंदा, थे दिसली पायजे.’

एवढा वेळ खपून शेवटी काम निघालं क्रॉपचं. मी चौकट ओढली. मामाजी खुर्चीतून अर्धे उठले.

‘अबे हळू! शिंगं कापशीन!’