बटाट्यावरची फवारणी आणि चिंचेखालचा ढीग

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, ज्यांचा बटाटा आहे त्यांनी तरी वाचा.

आमचं रान पुसेगावच्या अलीकडं, येरळेच्या काठाला. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटाला बटाटा काढला आणि नेमका भाव पडला, मग आण्णा म्हणाले महिनाभर थांबू, आणि चिंचेखाली ढीग घातला. आज्जी दोनदा म्हणाली, घाणेरीचा (टणटणीचा) पाला टाका रे वर. आम्ही कुठं ऐकतोय, दोन रात्री ढीग उघडाच. तीन आठवड्यांनी बघतोय तर बटाट्याच्या डोळ्यापाशी काळा भुसा साठलेला, कापला की आत बोगदा आणि त्यात तपकिरी डोक्याची पांढरट अळी. वरनं बटाटा चकचकीत बरं का! निम्मा ढीग बांधावर ओतला, वास आठवडाभर जाईना.

आता यात आमचं डोकं कुठं गेलं होतं सांगतो. त्याच प्लॉटला चार फवारण्या झालेल्या. सगळ्या पाल्यावर. आणि ही अळी ज्याची, तो पतंग, करंगळीच्या नखाएवढा राखाडी, रात्री उडतो आणि उघडा बटाटा दिसला की डोळ्यापाशी अंडी घालतो. पाला पण पोखरतो तो, नाही असं नाही, पण खरा पैसा मातीत आणि ढिगात जातो, आणि तिथं आपला पंप पोचतच नाही. दुकानात विचारलं तर म्हणे पावडर देतो, ढिगावर धुरळा. अरे खायचा बटाटा आहे ना तो, तुझ्या घरी नेशील का?

तशी ही कीड आपली नाहीच, १९०६ ला इटलीतनं आलेल्या बियाण्याबरोबर मुंबई इलाख्यात उतरली. म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली तरी आपलं उत्तर एकच, अजून जोराचं औषध द्या.

यंदा लागण चार बोटं खोल केली, मातीची भर दोनदा लावली, आणि शेवटी शेवटी पाणी तोडताना रान भेगाळू दिलं नाही, कारण भेगेतनंच पतंग खाली बटाट्यापर्यंत जातो. आठ कामगंध सापळे लावले, म्हणजे मादीच्या वासानं नर ओढणारे. त्यात नरच सापडतात, त्यामुळं सापळा लावला म्हणजे कीड संपली असं नाही, पण सकाळी मोजले की पतंग वाढलाय का ते कळतं, उगाच धास्तीनं फवारायला नको. काढणीच्या दिवशी अंधार पडायच्या आत सगळा माल आत. खाली वाळल्या घाणेरीचा बोटभर थर, वर तसाच, वर गोणपाट. कडुलिंबाचा किंवा निलगिरीचा पाला पण चालतो. किडका निघालाच नाही असं म्हणणार नाही, पन्नास पिशव्यांत दोनेक पाट्या निघाला. आज्जी काही बोलली नाही, नुसती बघून गेली, ते जास्त लागलं.

माव्याचं, म्हणजे पाल्याचा रस शोषणाऱ्या बारक्या किडीचं, थोडक्यात. पिवळे चिकट सापळे आणि पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून शंभर लिटर पाणी करायचं. सुरुवातीलाच मारला तर भागतं. ग्रुपवर फिरणारं 'एका फवारणीत सगळी कीड साफ' वालं घरगुती द्रावण मात्र मला पटत नाही, रासायनिकवाल्याची थाप तीच, फक्त बाटली बदलली.

आणि हुमणी, मातीत राहून मुळं खाणारी पांढरी अळी. पूर्वी सरीत फोरेट हे दाणेदार विष टाकून मोकळे व्हायचो, ते २०२० सरताना बंद झालं, बरंच झालं. पण कच्चं शेणखत आपण अजून टाकतोच, मग हुमणीला आयती मेजवानी. चांगलं कुजवूनच टाका, मातीत मेटारायझियम, म्हणजे हुमणी मारणारी बुरशी, मिसळा, पण त्याच्याआधी हुमणीचे भुंगेरे धरा. वळवाचा पहिला पाऊस झाला की दिवस बुडता बुडता बाभळीवर, कडुलिंबावर नुसते घोंगावतात. हे मात्र एकट्याचं काम नाही, मी माझी बाभूळ झोडपली आणि शेजाऱ्यानं सोडली तर त्याचे भुंगेरे माझ्याच रानात अंडी घालणार.

म्हणून सांगतो, पाऊस पडला की त्याच संध्याकाळी ओढ्याकडच्या बाभळींपाशी या. टॉर्च आणा, लांब काठी आणा. रॉकेल आता मिळत नाही, भुंगेरे बुडवायला साबणाच्या पाण्याच्या बादल्या मी भरून ठेवतो. आणि कुणाच्या बांधावर घाणेरी असेल तर पेटवू नका, मला एक ट्रॉली पाहिजे.