उंबरं पिकली होती का?

आज चर्चमधून आल्यापासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय शांत होणार नाही.

शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या पोरांच्या रविवारच्या वर्गात, बायबलमधल्या जक्कयाची गोष्ट होती: लोकांना लुबाडणारा जकातदार, येशूला बघायला झाडावर चढलेला. तो झाडावर चढला, तेवढ्यात माझ्या पाच वर्षांच्या लेकीनं विचारलं, "उंबरं पिकली होती का?" बाई म्हणाल्या, "मध्ये बोलायचं नाही." दोन मिनिटांत गोष्ट उरकली आणि पोरांना एकेक करून उभं करून तात्पर्य विचारलं. तात्पर्य! पाच वर्षांच्या लेकराला!

अहो, तिला झाड दिसलं होतं! आपल्या शास्त्रात, बायबलातल्या लूकच्या १९व्या अध्यायात उंबरच लिहिलंय, आणि यरीहोतलं ते झाड आपल्या उंबराचंच भाऊबंद. पोरगी गोष्टीत शिरली होती, तुम्ही तिला दंडाला धरून बाहेर काढलंत.

नगर जिल्ह्यातल्या माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. जक्कय सांगायचा असला की ती आधी प्रत्येकाच्या ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा घालायची. मग स्वतःच जकातदार व्हायची आणि एकेकाची शेंग ओढून घ्यायची. आम्ही बोंब मारायचो, "आजे, माझी शेंग!" लोक जक्कयावर का चिडायचे, हे आम्हाला कुणाला विचारावं लागलं नाही.

फादर स्टीफन्स इंग्लंडहून आले, आणि १६१६ साली येशूची कथा सांगणारं त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते मराठी ओवीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची कथा कीर्तनात आणली. आणि आपण? मागं नोहाची, त्या जलप्रलयाची गोष्ट झाली, तर "ऐकलं नाही तर असेच बुडाल" म्हणून सांगितलं. तीन रात्री पोर पावसाच्या आवाजानं दचकून उठत होती. देवाची भीती घालायला पाच वर्षांचंच लेकरू सापडलं?

बाई फुकट सेवा करतात, तीस पोरं एकटीनं आवरतात, मान्य. पण तिच्या प्रश्नाला "हो, पिकली होती" म्हणायला किती वेळ लागतो?

आजी मध्येच थांबायची. आढ्याकडं बघायची. आम्हीही सगळे वर बघायचो. मग हळूच, अगदी मायेनं येशूची हाक मारायची, "जक्कया, लवकर खाली ये. आज मला तुझ्या घरी उतरायचंय." आणि शेवटी, जक्कयानं लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं तसं, एका शेंगेच्या चार मोजून द्यायची. ती हाक अजून कानात आहे.

संध्याकाळी मीही शेंगा आणल्या. एक ओढून घेतली तशी लेक रडकुंडीला आली. चार परत दिल्या. तिनं त्या दोनदा मोजल्या आणि म्हणाली, "आई, आता तू झाडावर चढ. मी हाक मारते."