20 रुपयांची रिंग

आज सकाळी माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून आरओ दुरुस्तीला आलेल्या एका मुलाने मला विचारलं, "मॅडम, साहेब नाहीत का घरी? त्यांच्याशी बोललो असतो." रात्रीचे दहा वाजले, डोकं अजून तापलेलंच आहे. म्हणून लिहितेय.

आमचा आरओ चार दिवस गळत होता. खाली ठेवलेलं पातेलं सकाळपर्यंत काठोकाठ भरायचं. तक्रार नोंदवली, मुलगा आला, मशीनचं झाकण काढलं, दोन मिनिटं टॉर्च मारला आणि म्हणाला, "मेम्ब्रेन गेलंय. मेम्ब्रेन, दोन्ही फिल्टर, वर्षाची एएमसी, मिळून 6500." मेम्ब्रेन म्हणजे क्षार अडवणारा आतला पडदा, एएमसी म्हणजे वर्षभराचा देखभालीचा करार. मी विचारलं, पण गळतंय कुठून? तर म्हणे, "आतून."

आतून म्हणजे कुठून? तेवढंच सांग ना बाबा!

कराडच्या घरी आमच्याकडे स्टीलचा दोन कॅन्डलवाला फिल्टर होता. मी सातवीत असताना तो गळायला लागला. आई म्हणाली, तोटी गेली, नवी आणा. बाबांनी आधी फडक्याने सगळा फिल्टर पुसून कोरडा केला, जुन्या पेपरची बोटभर रुंद पट्टी तोटीच्या मुळाशी गुंडाळली आणि मला म्हणाले, "बस इथे. पट्टी आधी कुठे ओली होते ते बघ." मी स्टुलावर बसून टक लावून बघत होते. बऱ्याच वेळाने एक करडा ठिपका उमटला, तोही तोटीच्या तोंडाशी नाही, मागे, जिथे ती फिल्टरला टेकते तिथे. तोटी धडधाकट होती. वायसर चपटं झालं होतं.

त्या मुलाला मी नको म्हणून परत पाठवलं आणि आज तेच केलं. आधी पिन काढली. मशीन बंद, तरी थेंब चालूच. म्हणजे दोष बहुतेक पंपाच्या अलीकडे, जिथे नळाचं प्रेशर चोवीस तास असतं. पंपाच्या पुढचं काही गळत असतं तर मशीन चालू असतानाच जास्त गळलं असतं. मग सगळं पुसलं आणि टिश्यू पेपरच्या पट्ट्या केल्या. एक पांढऱ्या पाइपच्या एल्बोला, एक पाणी आत येतं त्या इनलेटच्या व्हॉल्व्हला, एक बाहेरच्या, गाळ अडवणाऱ्या प्री-फिल्टरच्या बाऊलला, झाकणाच्या सांध्यावर. पाच मिनिटांत बाऊलची पट्टी लगदा झाली. बाकीच्या दोन्ही कोरड्या.

इनलेट बंद केला, खाली बादली धरली, चावीने बाऊल खोलला. आतली रबरी ओ-रिंग एका जागी खाचेतून बाहेर येऊन चेंगरली होती, नखाने दाबल्यासारखा वण होता तिच्यावर. आणि हा बाऊल शेवटचा कोणी उघडला होता? याच कंपनीच्या माणसाने, तीन आठवड्यांपूर्वी, आतली कॅन्डल बदलायला! रिंग वाकडी बसवली त्यांनी, आणि 6500 भरायचे मी?

संताप याचा आहे की मेम्ब्रेन गेलं तर पाणी खारट लागतं, नाहीतर टाकी भरायला तासन्‌तास लागतात. मेम्ब्रेन गेल्याने ओट्यावर तळं होत नाही. लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टला घेतलेला, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घरात होता. आम्ही पुण्यात वाघोलीत, टँकरचं पाणी. नळाचं भरलं 640, आरओचं 58. मेम्ब्रेन ठणठणीत आहे. आमच्याकडे निदान आरओची गरज तरी आहे. टीडीएस 500 च्या आत असेल तिथे आरओ वापरूच देऊ नका, असं हरित लवादाने 2019 मध्ये सांगितलं होतं, तरी खडकवासला धरणाचं मऊ पाणी पिणाऱ्या माझ्या नणंदेलाही तो विकलाच ना?

हो, मान्य आहे, पंप, अडॅप्टर, यूव्हीचा दिवा यांना आपण हात लावू नये. आणि दिवसभर राबून आलेल्या बाईला पट्ट्या गुंडाळत बसायला वेळ नसतो, हेही मान्य. पण बघायला काय जातं? बाबांनी मला दुरुस्ती नंतर शिकवली, आधी नुसतं बघायला बसवलं. मुलीला बसवलं. भाऊ घरात होता तरी.

हे लिहिता लिहिता त्या मुलाचा चेहरा आठवतोय. जाताना त्याने पाणी मागितलं, मी माठातलं दिलं. दारातच त्याला फोन आला आणि तो दबक्या आवाजात सांगत होता, "नाही झालं सर, एएमसी नाही झाली." पाठीवर ती जड बॅग, बाहेर ऊन. त्याला गळती शोधायला कोणी शिकवलंच नसेल. शिकवलं असेल ते विकायला. त्याच्यावर नको होतं एवढं चिडायला. पण "साहेब नाहीत का" हे मात्र मी विसरणार नाही. असं विचारू नये, हे त्याला त्याच्या घरात तरी कोणीतरी सांगायला हवं होतं.

जुनी रिंग खिशात घालून नगर रोडच्या हार्डवेअरवाल्याकडे गेले. माप जुळवूनच घ्या, दिसायला सगळ्या सारख्याच दिसतात. 20 रुपये. खाच पुसली, रिंग बोटाने सगळीकडून दाबून बसवली, बाऊल आधी हाताने फिरवून घेतला आणि मग चावीने थोडासाच आवळला. जास्त आवळलं तर प्लॅस्टिक तडकतं. इनलेट हळूहळू उघडला. नवी पट्टी गुंडाळली. सहा तास झाले, कोरडी आहे.

समोरच्या काकूंचं वय 74. एकट्या असतात. गेल्या महिन्यात अशाच गळतीसाठी त्यांनी 6000 भरले, आणि काल सांगत होत्या, अजून थेंब पडतोच आहे गं, आता परत कोणाला बोलावू? उद्या सकाळी ऑफिसच्या आधी जातेय त्यांच्याकडे. त्यांना समोर खुर्चीत बसवणार आणि पट्टीवर लक्ष ठेवायला सांगणार.