आधी तू कर, मग मी!

1992 साली ब्राझीलमधल्या रिओत, जागतिक परिषदेत ठरलं: हवामान बदल रोखायची जबाबदारी सगळ्यांची, पण ज्याच्या त्याच्या वाट्याइतकी. तेव्हापासून नुसतं एकमेकांकडे बोट! आज पृथ्वी तापवणाऱ्या वायूंचं सर्वाधिक उत्सर्जन चीनचं, मान्य. पण कोळसा-तेल जाळून आजवर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास चौथा हिस्सा अमेरिकेचा, त्याचं काय? हा वायू शतकानुशतकं हवेत राहतो. जुनी उधारी आपोआप फिटत नाही. माल युरोपात वापरायचा, उत्सर्जन मात्र तो बनवणाऱ्या देशाच्या खात्यात! आंतरराष्ट्रीय विमानं, जहाजं यांचं इंधन तर कुठल्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत. का? श्रीमंत देशांचं विकसनशील देशांना 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर द्यायचं वचन, आकडा गाठला 2022 मध्ये, त्यातही बरीचशी कर्जंच. ज्यांनी जाळलं, त्यांनीच सावकारी करायची?