वर्गणी मागायला लाजू नका

दिवाळी सरली की माझ्या पुण्यातल्या मित्रमंडळींत एक वाद हमखास पेटतो. यंदाही पेटला. आणखी एक मराठी मासिक बंद होणार अशी कुणकुण लागली होती आणि सगळ्यांची उत्तरं तयार होती. लोक वाचत नाहीत, मोबाइलने वाट लावली, मुलं इंग्रजी शाळांत गेली. शेवटी कोणीतरी म्हणालंच की ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळालाय, तर त्या पैशातून सरकारने मासिकं जगवावीत. मी अकरा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये राहते. इथून हे सगळं ऐकताना मला यातलं एकही उत्तर पुरतं पटलं नाही. आपल्याकडे वाचक भरपूर आहे. आटत चाललाय तो वर्गणीदार, आणि त्याला टिकवायचं कसं याबद्दल आपण बोलतच नाही.

इथे पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरकडे गेले तेव्हाची गोष्ट. बाहेरच्या खोलीत टेबलावर दहा-बारा मासिकं होती आणि प्रत्येकाला वरून जाड कागदाचं वेगळं कव्हर चढवलेलं होतं. त्यावर गावातल्या दुकानांच्या जाहिराती आणि एक शब्द, 'लेझेत्सिर्केल'. शब्दशः वाचनमंडळ, पण हा मासिकं भाड्याने देण्याचा धंदा आहे. दर आठवड्याला माणूस येतो, नवा गठ्ठा ठेवतो, जुना उचलतो आणि तो दुसऱ्या घरी पोचवतो. ताजा गठ्ठा महाग, शिळा होत जाईल तसा स्वस्त. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी बरेच आठवडे जुना गठ्ठा घ्यायच्या. एकदा त्यांच्याकडे चहाला गेले तर त्या 'श्टर्न'मधलं शब्दकोडं खोडरबराने पुसत बसल्या होत्या. आधीच्या घरातल्या कोणीतरी पेन्सिलीने सोडवलेलं. "हे चुकवतात फार," म्हणाल्या, आणि नव्याने सोडवायला घेतलं.

आपल्याकडे असं काही नाही असं मुळीच नाही. गावोगावची वाचनालयं दिवाळी अंकांची योजना चालवतात. एकदा पैसे भरायचे, उन्हाळ्यापर्यंत अंक बदलून न्यायचे. माझ्या आईचं अर्धं वाचन या योजनेवर झालं. पण ते दिवाळी अंकांपुरतंच. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो आणि ती अभिमान वाटावा अशीच आहे. तिने आपल्याला एक सवयही लावली, वर्षातून एकदा गठ्ठ्याने वाचायची. उरलेले अकरा महिने तेच मासिक, तोच संपादक, तेच लेखक काम करत असतात आणि आपलं त्यांच्याकडे लक्ष नसतं. मराठीत मासिकावर जीव तोडून भांडणारी माणसं होऊन गेली. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाहीरपणे जाळला होता. इतका राग येण्यासाठीसुद्धा अंक दर महिन्याला हातात पडावा लागतो.

आता आजीव वर्गणीबद्दल. माझे बाबा एका मासिकाचे आजीव वर्गणीदार होते. पैसे भरले त्या दिवशी पावती त्यांनी काचेच्या कपाटात लावली होती. बारा-तेरा वर्षं अंक आला. आधी पानं कमी झाली, मग जोडअंक यायला लागले, मग अंकच थांबला. पत्र नाही, काही नाही. बाबा चिडले होते. मला आज त्या संपादकाचं गणित दिसतं. एकरकमी आलेले पैसे बँकेत, त्याच्या व्याजावर अंक काढायचा, आणि कागद, छपाई, टपाल दरवर्षी वर चढणार. जितके आजीव वर्गणीदार जास्त, तितके दर महिन्याला पदरमोड करून पाठवायचे अंक जास्त. संस्थेला देणगी म्हणून ती रक्कम ठीक आहे, पण मासिक चालवायची ही रीत नव्हे. त्याहून वाईट म्हणजे एकदा पैसे भरल्यावर बाबांना संपादकाशी बोलायचं कारण उरलं नाही आणि संपादकालाही बाबांशी.

जर्मनीत याच्या उलट आहे. इथली वर्गणी तुम्ही थांबवेपर्यंत चालू राहते. यात फसवणूकही होते, मी स्वतः होरपळले आहे. मुलीसाठी एक विज्ञान मासिक लावलं होतं. बंद करायची नोटीस तीन महिने आधी द्यायची, मला आठ दिवस उशीर झाला आणि पुढचं सबंध वर्ष गळ्यात पडलं. लोकांच्या अशाच तक्रारींवर कायदा बदलला. १ मार्च २०२२ नंतरच्या करारांत पहिली मुदत संपली की महिन्याच्या नोटिशीवर कधीही बाहेर पडता येतं, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून ऑनलाइन घेतलेली वर्गणी वेबसाइटवरच्या एका बटणाने बंद करता यावी असं बंधन आहे. आता मला इथे वर्गणी लावायची भीती वाटत नाही, म्हणून मी लावते.

मागायचं कसं, तेही इथे पाहिलं. २०२३ मध्ये फ्रँकफर्टचं 'टिटानिक' हे व्यंग-मासिक बुडायला आलं होतं. त्यांनी सरळ जाहीर केलं की ५,००० नव्या वर्गण्या हव्यात, नाहीतर संपलं. आकडा लोकांसमोर ठेवला, लोकांनी वर्गण्या लावल्या आणि मासिक वाचलं. बर्लिनचं 'तात्स' हे दैनिक वर्गणीचे तीन दर ठेवतं. कुठला परवडतो ते वाचकाने ठरवायचं, पुरावा कोणी मागत नाही. इथेही कागद हरतोय. याच 'तात्स'ने ऑक्टोबर २०२५ मध्ये सोमवार ते शुक्रवारचा छापील अंक बंद केला. पण जे घडतंय ते वर्गणीदाराला आधी सांगून घडतंय.

सरकारकडे मागायचं तर मी अनुदान मागणार नाही, स्वस्त टपाल मागेन. जर्मनीत सरकार करात सवलत देतं: सर्वसाधारण विक्रीकर १९ टक्के आहे, पुस्तकं-मासिकांवर ७, आणि २०१९च्या अखेरीपासून त्यांच्या डिजिटल आवृत्त्यांवरही ७. आपल्याकडे छापील मासिकांवर जीएसटी नाही, ही चांगलीच गोष्ट. पण डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुकपोस्टची स्वस्त सोय बंद केली, तेव्हा लहान प्रकाशकांच्या पोटात गोळा आला. त्यासाठी ओरडणाऱ्यांच्या मी सोबत आहे.

गेल्या वर्षी आईसाठी एका मासिकाची वर्गणी भरली. मधेच अंक यायचे थांबले. मी फोन केला तर संपादकांनी स्वतःच उचलला. "ताई, तुमची वर्गणी दोन महिन्यांपूर्वी संपली. पण असं मागायला बरं वाटत नाही हो." मला काय बोलावं सुचेना. माझ्या लहानपणी अंकाच्या कागदी पट्टीवर जांभळ्या शाईचा शिक्का यायचा, 'आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे', आणि आत मनीऑर्डरचा कोरा फॉर्म. बाबा त्याच आठवड्यात पोस्टात जायचे. त्या शिक्क्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. आता तर एक मेसेज पुरतो. तोही जात नाही, आणि मग आपण म्हणतो वाचक गेले.

आम्हा परदेशातल्या लोकांना तर याबद्दल बोलायचा अधिकारच कमी आहे. इथल्या मंडळांत दिवाळी अंकांच्या पीडीएफ बिनदिक्कत फिरतात. दर महिन्याला सिनेमे-मालिकांचे पैसे बँकेतून आपोआप कापले जाणारी माणसं "पाठव ना जरा" म्हणतात. मीही काही वर्षं असेच अंक वाचले, आणि ते चूक होतं. मला छापील अंक मागवायचा तर टपालखर्च अंकाच्या किमतीच्या कितीतरी पट, हे खरं आहे. मग डिजिटल वर्गणी विकत घेऊ या, आणि परदेशी वाचकाकडून देशातल्या वाचकापेक्षा जास्त पैसे घ्या असं आपणच सांगू या. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेलं 'साधना' अजून दर आठवड्याला निघतं. माझ्या मुलीने मराठी वाचायला सुरुवात केली ती बालभारतीच्या 'किशोर'च्या जुन्या अंकांवर, जे कोणालाही फुकट उघडता येतात. असं कोणीतरी जपून ठेवतं तेव्हा त्याचा खर्च कोणीतरी उचललेला असतो.

यंदा तीन मासिकांच्या वर्गण्या भरल्या. तिन्ही वार्षिक. एकाने आजीवचा आग्रह धरला, मी नको म्हटलं आणि पुढच्या वर्षी नक्की आठवण करा असं लिहून दिलं. आईच्या मासिकाच्या त्या संपादकांना परदेशी वाचकांसाठी वेगळा दर ठेवायला सुचवलं. चार दिवसांनी त्यांचा मेसेज आला, "किती ठेवू, तुम्हीच सांगा." मी आकडा कळवलाय, आणि तो कमी करू नका असंही.