नदीत ऑक्सिजन नाही, अभिनंदन!

एमएस्सीला पर्यावरणशास्त्र घेतलं म्हटल्यावर आमच्या नात्यागोत्यात पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे झाडं लावायची का?" दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही. या विषयातलं सगळं आपल्याला येतं, अशी महाराष्ट्रातल्या प्रत्येक बारावी पास माणसाची खात्री असते. बारावीला ईव्हीएसची वही प्रत्येकाने लिहिलेली असते, म्हणजे शेजारच्याची बघून उतरवलेली असते, आणि त्यात नापास झालेला मनुष्य अजून कुणाच्या पाहण्यात नाही. ओझोनच्या थराला भोक, प्लास्टिक वाईट आणि शेवटच्या पानावर वाघ, एवढ्या भांडवलावर सगळे मला करिअरचा सल्ला देतात.

त्यात माझं पहिलं वर्ष तासांचं आणि दुसरं सगळं संशोधनाचं. वर्गात बसायचं नाही म्हटल्यावर आत्याने मान डोलावून "म्हणजे एक वर्ष घरीच" असा निकाल देऊन टाकला.

विषय गाइड मॅडमनी दिला. विठ्ठलवाडीपासून संगमापर्यंत मुठा आणि तिथून पुढे मुंढव्यापर्यंत मुळामुठा, एवढ्या पट्ट्यातल्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन आणि बीओडी. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण फस्त करताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचा हिशेब. पाणी तीनशे मिलीच्या बाटलीत भरायचं, ऑक्सिजन मोजायचा, जोडीची बाटली वीस अंशांवर अंधारात ठेवायची आणि पाच दिवसांनी पुन्हा मोजायचा. या पाच दिवसांत जिवाणू जेवतात आणि आपण वाट बघतो. नदीचं पाणी असं की नुसतं ठेवलं तर ते दुसऱ्या दिवशीच सगळा ऑक्सिजन संपवून मोकळे होतात, म्हणून त्यात स्वच्छ पाणी मिसळून पातळ करायचं. किती पातळ? ते बीओडी कळल्यावर कळतं.

पाचच दिवस का, तर साहेबामुळे. १८९८ साली इंग्लंडात सांडपाण्यावर रॉयल कमिशन बसलं, त्यांनी १९१२च्या अहवालात पाच दिवस धरले. तिकडच्या नद्यांचं पाणी पाच दिवसांत समुद्राला मिळतं, तेव्हा त्यापुढची काळजी समुद्राने करावी, असं त्यामागचं कारण सांगतात. आमच्या मुठेचं पाणी भीमेला मिळणार, उजनीला मुक्काम टाकणार, पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वारकऱ्यांच्या पायाखालून जाणार, मग कृष्णेत शिरून बंगालच्या उपसागराला लागणार. तरी माझी बाटली टेम्सच्याच वेळापत्रकावर.

या वेळापत्रकाने माझं पंचांग बदललं. सोमवारी सॅम्पल आणलं की शनिवारी रीडिंग. मंगळवारी आणलं तर रविवारी, आणि रविवारी विभागाला कुलूप. म्हणून मंगळवारी नदीकडे फिरकायचं नाही. मावसबहिणीच्या लग्नाची तारीख कळल्यावर मी आधी उलटे पाच दिवस मोजले, मग आनंद व्यक्त केला. सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचा हिशेब) करणारी मैत्रीण डायक्रोमेटमध्ये दोन तास पाणी उकळते आणि संध्याकाळी सिनेमाला जाते. तिच्याशी माझे संबंध चांगले आहेत, एवढंच म्हणते.

बाटल्या वीस अंशांवर ठेवायच्या त्या इन्क्युबेटरची तऱ्हा वेगळीच. मे महिन्यात अख्ख्या विभागात वीस अंश फक्त त्याच्याच पोटात असतात. दारावर 'खाद्यपदार्थ ठेवू नयेत' अशी ठळक चिठ्ठी आणि आत माझ्या बाटल्यांमागे कुणाचं तरी ताक. ताकाला माझा विरोध नाही, पण ते काढायला दार दहादा उघडतात. आणि वीज चौथ्या दिवशीच जाते. पहिल्या दिवशी गेली तर माणूस निदान नव्याने सुरुवात करेल.

खरा छळ मात्र पुलावर. मी दोरीला बांधलेली बादली नदीत सोडायला लागले की गर्दी जमते. "नदीत काय टाकताय?" एका काकांनी दरडावलं. त्यांच्या हातात निर्माल्याची पिशवी होती. मी म्हटलं, "काका, टाकत नाही, काढतेय." त्यांनी ते ऐकून घेतलं, पिशवी कठड्यावरून शांतपणे खाली सोडली, हात जोडले आणि म्हणाले, "लक्ष ठेवा हो, लोक काहीही टाकतात." दुसऱ्या काकूंनी मला पाणीखात्यातली समजून, गुरुवारी आमच्या सोसायटीत पाणी का येत नाही याचा जाब विचारला. तिसरा नुसता उभा राहून बघतो आणि शेवटी विचारतो, "मासे लागले का?"

या गराड्यातच बाटलीत रसायनं घालायची असतात, कारण ऑक्सिजन तिथल्या तिथे पकडावा लागतो. आधी मँगनीज सल्फेट, मग आयोडाइडचं अल्कली. ही विंकलरची पद्धत १८८८ची, अजून तीच चालते. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. बाकीचं प्रयोगशाळेत. ॲसिड घातलं की साका विरघळून पाणी सोनेरी होतं, मग ब्युरेटमधून ठरावीक ताकदीचं थायो (सोडियम थायोसल्फेटचं द्रावण) सोडायचं, रंग फिकट झाला की स्टार्च, लगेच गर्द निळं, आणि मग एका थेंबात निळं नाहीसं. दोनशे मिली पाणी घेतलं असेल तर जितके मिली थायो लागले तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन लिटरमागे. इतकी सोय माझ्या आयुष्यात दुसरी कुठे नाही.

मुंढव्याला, जलपर्णीच्या कडेला, माझ्या बाटलीत साका पांढराशुभ्र बसला. ऑक्सिजन शून्य. आंघोळीच्या पाण्याला किमान पाच मिलिग्रॅम हवा असं निकष सांगतो, इथे जवळपास काहीच नाही. मी पुलावर आनंदाने ओरडले. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, "अरे वा, अभिनंदन! आता आलेखाला उतार मिळाला." पलीकडे उभ्या माणसाने हात जोडून नदीला नमस्कार केला, काहीतरी शुभ घडलंय अशा समजुतीने.

तेव्हापासून माझं आणि शहराचं हित वेगळं झालं. जुलैत खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला, भिडे पूल पाण्याखाली गेला, अख्खं पुणे छत्र्या घेऊन नदी बघायला आलं. धरणं भरली म्हणून घरोघरी भजी तळली जात होती. माझ्या पाण्यात ऑक्सिजन वाढला, बीओडी घसरला आणि वर्षभर जपलेला आलेख जमीनदोस्त. वडील पेपर वाचून म्हणाले, "चला, पाणीकपात टळली." मी भजी न खाता उठले.

नातेवाईकांनी तोवर माझा दुसरा उपयोग शोधला होता. येताना प्रत्येक जण बाटली घेऊन येतो. आत्याच्या फ्लॅटचं टँकरचं पाणी, काकांच्या शेतातल्या विहिरीचं, आणि एका मावशीने तर फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं, बाटल्यांना रबरबँड लावून. कुठलं कशाचं ते तिला नंतर आठवेना.

लिखाणाबद्दल काय सांगू. प्रबंधात दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं आणि बीओडीची व्याख्या जगात सगळ्यांनी सारखीच केली आहे. मी ती इतक्या वेगळ्या शब्दांत लिहिली की मॅडमनी समासात विचारलं, "हे नक्की कशाबद्दल आहे?"

व्हायव्हाला एक्स्टर्नल आले ते तीन दिवसवाले निघाले. आपल्याकडे भारतीय मानकात २७ अंशांवर तीन दिवसांची पद्धत आहे, ती का नाही वापरली? मी मॅडमकडे पाहिलं, मॅडम खिडकीबाहेर. मग मी रॉयल कमिशन काढलं, टेम्स काढली, चंद्रभागा काढली. सर थोडे हेलावले, पंढरपूरकडचेच असावेत. सही झाली, चहा झाला, सामोसे झाले.

निघता निघता सरांनी बॅगेतून एक लिटरची बाटली काढून टेबलावर ठेवली. "आमच्या ओढ्याचं आहे. सकाळीच भरलंय, सहा तास अजून झाले नाहीत. लावून टाकता का आज?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मंगळवार होता.